टरफलातील ज्योत

'टरफल' हा शब्द कानी पडला की मराठी माणसाला हटकून आठवते ती लोकमान्यांच्या बालपणीची आख्यायिका. शेंगा मी खाल्ल्या नाहीत, म्हणून टरफलेही मी उचलणार नाही, असे बाणेदारपणे सांगणारा तो विद्यार्थी आपल्या मनात इतका ठसला आहे की, टरफल म्हणजे कोणीतरी टाकलेले आणि कोणीतरी नाइलाजाने उचलावयाचे, यापलीकडे त्या वस्तूला काही पूर्वपीठिका असेल असे आपल्याला सहसा वाटत नाही. आज मी जी हकीकत सांगणार आहे ती मात्र टरफले आपण होऊन उचलणाऱ्यांची आहे. ती धुऊन-पुसून जपणाऱ्यांची आणि त्यांत वात लावून घर उजळणाऱ्यांची आहे.

युरोपातील अनेक घरांत वसंत ऋतूच्या प्रारंभी, म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुमारास, एक लहानसा गृहोद्योग चालतो. न्याहारीसाठी अंडी फोडताना ती मधोमध न फोडता टोकाकडून अलगद उघडतात. आतला बलक स्वयंपाकाला जातो. रिकामे कवच मात्र केराच्या टोपलीत जात नाही. ते धुऊन वाळवतात, त्यात एक वात उभी करतात आणि वितळलेले मेण ओततात. मेण थिजले की झाली मेणबत्ती. अशा पाच-सहा मेणबत्त्या हिरव्या गवताच्या किंवा शेवाळाच्या शय्येवर मांडल्या की जेवणाच्या मेजावर वसंताचे आगमन झाले असे समजावे. काम अर्ध्या-पाऊण तासाचे. खर्च म्हटला तर नगण्य. आणि करणारी मंडळी म्हणजे घरातील बायका आणि मुले.

एवढ्याशा खेळाला इतिहास तो कसला, असे कोणी म्हणेल. परंतु श्रोतेहो, या मेणबत्तीचे तीन घटक जरा वेगळे करून पाहा. एक अंडे, दुसरे मेण आणि तिसरा वसंत. अंडे आणि वसंत यांची सांगड फार जुनी आहे. मेणाची ज्योतही जुनीच. तरीसुद्धा मेणाने भरलेले अंड्याचे कवच सामान्य माणसाच्या घरात येण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. हे असे का झाले, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की आपण ऋतुमान, धर्मकारण, रसायनशास्त्र आणि अर्थकारण या चारही प्रांतांतून फिरून पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन पोहोचतो.

आरंभ कवचापासून करू. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम भागात डीपक्लूफ नावाचा एक शैलाश्रय आहे. तेथील उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचांचे शेकडो तुकडे मिळाले आणि त्यांवर समांतर रेषांची, आडव्याउभ्या छेदांची नक्षी कोरलेली आढळली. हे तुकडे सुमारे ६०,००० वर्षांपूर्वीचे असावेत, असा निष्कर्ष संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केला. शहामृगाचे अंडे म्हणजे निसर्गाने घडवलेली आयती सुरईच. त्यात पाणी साठवावे आणि आपल्या गटाची खूण म्हणून वर रेघोट्या ओढाव्यात, असा तो व्यवहार असावा. म्हणजे मातीचे मडके घडवण्याची विद्या माणसाला अवगत होण्यापूर्वी कित्येक सहस्रके त्याने रिकामे कवच उचलले होते, ते पात्र म्हणून वापरले होते आणि ते सजवलेही होते. भरण्याची आणि सजवण्याची ही दोन्ही कामे आपल्या मेणबत्तीतही आहेतच.

आता वसंताचा विचार करू. कोंबडीचे अंडी घालणे हे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. डोळ्यांवाटे आणि कवटीवाटे मेंदूपर्यंत पोहोचणारा प्रकाश तिच्या शरीरातील अंडनिर्मितीची यंत्रणा चालू करतो. हिवाळ्यात दिवस आखूड झाला की ती यंत्रणा मंदावते, पुष्कळदा थांबते; दिवस मोठा होऊ लागला की पुन्हा जागी होते. आपल्याकडे याचा प्रत्यय फारसा येत नाही. मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वांत मोठा सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. परंतु उत्तरेकडील कीव्ह शहरात डिसेंबरचा दिवस जेमतेम ८ तासांचा, तर जूनचा साडेसोळा तासांच्या जवळपास असतो. विजेचे दिवे लावलेली खुराडी नव्हती त्या काळी अशा प्रदेशातील गृहिणीला हिवाळ्यात अंडे दुर्मीळ असे. आणि मग एके दिवशी गवतात पहिले ऊबदार अंडे सापडे. बर्फ अजून पुरते वितळलेले नसे, झाडांना पालवी नसे, पण सूर्य परतला असल्याची वार्ता त्या अंड्याने आणलेली असे. अंडे हे वसंताचे प्रतीक झाले ते कवींच्या कल्पनेने झाले नाही. आधी ते खुराड्यातील अनुभवाचे सत्य होते.

म्हणूनच वसंतसंपाताच्या दिवशी येणाऱ्या इराणी नववर्षाच्या, म्हणजे नवरोजच्या, मेजावर रंगवलेली अंडी मांडलेली असतात. त्यांच्या शेजारी आरसा असतो, अंकुरलेले धान्य असते आणि तेवत्या मेणबत्त्या असतात. मुंबईतील पारशी आणि इराणी घरांतून २१ मार्चला जमशेदी नवरोजचे असे मेज मांडलेले आपल्यापैकी काहींनी पाहिलेही असेल. अंडे आणि ज्योत येथे एकाच मेजावर शेजारी शेजारी आहेत. ज्योत अजून अंड्याच्या आत गेलेली नाही, एवढेच.

युरोपात या नैसर्गिक सांगडीवर धर्माने आणखी एक गाठ मारली. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मसंस्थेने मांसाबरोबर अंडीही वर्ज्य ठरवली होती. पण कोंबडीला उपवासाचे नियम कोण सांगणार! नेमक्या याच दिवसांत ती भराभर अंडी घालू लागे. घरोघर अंड्यांचे ढीग साचत. उपवास सुटण्याच्या दिवशी हा सगळा साठा एकदम बाहेर येई. उकडला जाई, रंगवला जाई, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटला जाई. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या हिशेबात ४५० अंड्यांसाठी १८ पेन्स खर्च पडल्याची नोंद आहे. त्यांपैकी काही रंगवून आणि काहींना सोन्याचा वर्ख लावून ती राजवाड्यातील परिवारास भेट म्हणून वाटावयाची होती. जमाखर्चाच्या वहीतील ही एक रूक्ष ओळ, परंतु सणाचा सारा उत्साह तिच्यात सामावलेला आहे.

येथे पहिला प्रश्न उभा राहतो. अंडी मुबलक होती, कवचे मुबलक होती, रंगवण्याची हौस होती. मग त्या कवचांत मेण ओतून दिवे का लावले गेले नाहीत? कारण साधे होते. मेण परवडण्यासारखे नव्हते.

त्या काळी मेण म्हणजे मधमाश्यांचे मेण. ते स्वच्छ जळते, त्याला गोड वास येतो, धूर फारसा होत नाही. आणि म्हणून ते देवाच्या कामी लागे. २ फेब्रुवारीला चर्चमध्ये वर्षभराच्या मेणबत्त्यांना आशीर्वाद देण्याचा विधी असे. ईस्टरच्या आदल्या रात्री अंधाऱ्या चर्चमध्ये एक मोठी मेणबत्ती नव्या अग्नीवर पेटवली जाई. वेदीवरचे आणि राजवाड्यातील मेण वगळले तर सामान्य माणसाच्या वाट्याला येई ती जनावराच्या चरबीची बत्ती. ती मऊ पडे, धुरकट जळे, तिला उग्र दर्प येई आणि तिच्या वातीची काजळी दर थोड्या वेळाने कातरावी लागे. गरिबाला तीही चैन होती. तो पाणथळीतील लव्हाळ्याचा गर चरबीत बुडवून ती काडी पेटवी. गिल्बर्ट व्हाइट या इंग्रज धर्मोपदेशकाने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सेल्बोर्न गावाच्या निसर्गवृत्तांतात या लव्हाळी दिव्यांचा बारकाईने हिशेब मांडला आहे. एका फार्दिंगमध्ये, म्हणजे पेनीच्या चौथ्या हिश्शात, गरीब कुटुंबाला साडेपाच तासांचा उजेड मिळतो, असे त्याचे गणित होते. जेथे उजेडाचा हिशेब असा चतकोर पेनीत होत होता, तेथे कवचभर मेण केवळ शोभेसाठी जाळणे कोणाला सुचावे?

परंतु मेणाचा एखादा थेंब मात्र गरिबाच्याही घरी असे. आणि त्या थेंबातून एक अद्भुत कला निर्माण झाली. पूर्व युरोपात, विशेषतः युक्रेनमध्ये, वसंतातील नक्षीदार अंड्याला 'पिसांका' म्हणतात. तेथील भाषेत 'पिसाती' म्हणजे लिहिणे. ही अंडी रंगवत नाहीत, लिहितात. आपल्याला हे वाटते तितके परके नाही. डहाणू-तलासरीकडील वारली स्त्रियादेखील लग्नाचा चौक भिंतीवर लिहितात, असेच म्हटले जाते. मिथिलेच्या बायकांच्या तोंडीही भित्तिचित्रासाठी लेखनाचाच शब्द आहे. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या स्त्रियांनी आपल्या चित्राला लेखन म्हणावे, यात मला मोठे मर्म दिसते. जे जपून ठेवावयाचे ते लिहावयाचे, अशी त्यांची समजूत होती.

हे लेखन कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. लाकडी काडीच्या टोकाला पितळेचे इवलेसे नरसाळे बसवलेले असते. ते मेणबत्तीच्या ज्योतीत तापवून मधमाशीच्या मेणात टेकवले की थेंबभर मेण आत शिरते. मग डाव्या हातात कच्चे अंडे फिरवीत उजव्या हाताने त्यावर मेणाची रेघ ओढतात. जी रेघ पांढरी राहावी असे वाटते ती प्रथम मेणाने झाकतात आणि अंडे पिवळ्या रंगात बुडवतात. त्यानंतर जे पिवळे राहावयाचे ते झाकून अंडे तांबड्या रंगात बुडवतात. जे तांबडे राहावयाचे ते झाकले की शेवटी काळ्या रंगाचे स्नान. रंग पूर्वी घरचेच असत. कांद्याच्या सालींचा पिवळा-तांबूस रंग त्यांपैकी सर्वांच्या परिचयाचा. या सर्व खटाटोपानंतर हाती जे येते ते दिसावयास अगदी ओबडधोबड, काळवंडलेले, मेणाच्या पुटांनी भरलेले अंडे असते. तेव्हा ते ज्योतीच्या वर नव्हे, कडेला धरतात. मेण पाघळू लागते, फडक्याने टिपले जाते, आणि त्या काळ्या काजळीतून पांढऱ्या, पिवळ्या, तांबड्या रेषा एकामागून एक उजळत बाहेर येतात. ज्याने आरंभी झाकले त्यानेच अखेर रक्षण केले, हे त्या क्षणी कळते.

मेणाने झाकून रंगवण्याची ही युक्ती आपल्या देशातही अपरिचित नाही. १९२७ साली रवींद्रनाथ ठाकूर जावा बेटाच्या प्रवासास गेले. तेथील बाटिक वस्त्रांची कला पुढे शांतिनिकेतनात रुजली आणि तेथून भारतभर पसरली. कापड असो की कवच, तत्त्व एकच. फरक इतकाच की कापड घडी घालून पेटीत ठेवता येते. कवच एका निसटत्या क्षणात फुटते.

कार्पेथियन डोंगरातील हुत्सुल लोकांत पिसांकांविषयी एक लोककथा सांगतात. एका कड्याला साखळदंडांनी जखडलेला एक दुष्ट राक्षस आहे. दर वसंतात तो आपले दूत पाठवून, यंदा किती अंडी लिहिली गेली, याची मोजदाद करवितो. ती कमी भरली तर त्याचे साखळदंड सैल होतात आणि जगात अनर्थ वाढतात. ती पुष्कळ भरली तर साखळदंड आवळले जातात. कथा भोळी खरी, परंतु तिच्यातील अट किती काटेकोर आहे पाहा. गेल्या वर्षीची अंडी हिशेबात धरत नाहीत. दर वर्षी नव्याने लिहावे लागते.

आता पुन्हा मेणाकडे वळू. थेंबाथेंबाने वापरावयाचे हे मेण कवचभर ओतण्याइतके स्वस्त झाले ते रसायनशास्त्रामुळे. मिशेल-यूजीन शेव्हरल या फ्रेंच रसायनज्ञाने चरबीचे पृथक्करण करून तिच्यातील घट्ट, कठीण आणि स्वच्छ जळणारा भाग वेगळा काढण्याचा मार्ग दाखवला आणि १८२५ साली गे-ल्यूसॅक या शास्त्रज्ञाच्या जोडीने मेणबत्तीसाठी त्याचे पेटंट घेतले. हेच ते स्टिअरिन. त्याच सुमारास फ्रान्समध्ये विणलेली वात आली. ती जळता जळता वाकून ज्योतीच्या कडेला येते आणि स्वतःच भस्म होते, त्यामुळे काजळी कातरण्याचा उपद्व्याप संपला. १८३४ साली इंग्लंडमधील जोसेफ मॉर्गन याने साच्यातून मेणबत्त्या काढण्याचे यंत्र पुढे आणले. १८५० साली स्कॉटलंडच्या जेम्स यंग याने दगडी कोळशापासून पॅराफिन मिळवण्याच्या कृतीचे पेटंट घेतले आणि पुढे खनिज तेलातून तेच मेण विपुल निघू लागले. आपल्याकडे आसामातील दिग्बोईचा तेलशुद्धीकरण कारखाना १९०१ साली सुरू झाला. तेलाबरोबरच मेणासाठीही त्याची ख्याती झाली. या साऱ्या उलाढालीच्या मध्यभागी, १८६०-६१ च्या नाताळात, मायकेल फॅरडेने लंडनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. विज्ञानाच्या अभ्यासाला याहून चांगले प्रवेशद्वार नाही, अशी त्याची श्रद्धा होती.

मौज अशी की मेण स्वस्त झाले आणि मेणबत्तीची गरज संपू लागली. आधी वायूचे, मग रॉकेलचे आणि पुढे विजेचे दिवे आले. ज्या वस्तूने पिढ्यान् पिढ्या अंधाराशी झुंज दिली तिला आता करण्यासारखे काम उरले नाही. म्हणून ती शोभेची झाली. नवससायासांत तर तिने नाना आकारही घेतले. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत आजही मेणाचे हात, पाय, घरे विकावयास मांडलेली असतात. ज्याला जे दुखते वा जे हवे असते, त्या आकाराचे मेण तो मातेच्या चरणी वाहतो. उजेडाच्या हिशेबातून मेण असे मुक्त झाले, तेव्हाच ते कवचात ओतणे सामान्य घराला शक्य झाले. वसंताने अंडे दिले, उपवासाने ते साठवले, रसायनशास्त्राने मेण स्वस्त केले, विजेने मेणबत्तीला फुरसत दिली. आणि मग कोणा गृहिणीने हे सर्व धागे आपल्या ओट्यावर एकत्र आणले.

ही मेणबत्ती प्रत्यक्ष करणाऱ्याला काही गोष्टी हाताने कळतात. कोंबडीच्या अंड्याचे कवच एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाइतके, फार तर किंचित अधिक जाड असते. वजन पाच-सहा ग्रॅम. त्याचे टोक चमच्याच्या कडेने हलकेच टिचवून उघडावे लागते. आतील पातळ पापुद्रा धुताना बोटाने काढून टाकावा लागतो, नाहीतर पुढे त्याला वास येतो. कवच पूर्ण कोरडे हवे. पाण्याचा थेंब राहिला तर वात तडतडते. मेणाचे भांडे कधीही थेट विस्तवावर ठेवू नये. ते उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवावे, कारण फार तापलेले मेण एकाएकी पेट घेते. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. बाजारातील पॅराफिन पुष्कळदा त्याच्याही आधी. ओतलेले मेण थंड होताना आकसते आणि वातीभोवती खळगा पडतो. तो दुसऱ्यांदा मेण ओतून भरावा लागतो. घाई करणाऱ्याची मेणबत्ती मध्येच खोलगट राहते, हा अनुभव ठरलेला.

पण ज्योत पेटली की या श्रमांचे सार्थक होते. प्रथम ती कवचाच्या काठावर उभी असते. मेण जसजसे वितळत खाली जाते तसतशी ज्योत कवचाच्या आत उतरते, आणि मग ते कवच आतून उजळू लागते. त्याची फिकट, किंचित रवाळ भिंत अर्धपारदर्शक होते. हजारो सूक्ष्म रंध्रे असलेली ती भिंत प्रकाशाला आत कोंडूनही ठेवत नाही आणि उघडेही टाकत नाही. कुक्कुटपालन करणारे लोक अंड्यात जीव धरला आहे की नाही हे अंधारात दिव्यासमोर धरून पाहतात. इंग्रजीत या परीक्षेला मेणबत्तीवरूनच 'कँडलिंग' हे नाव पडले आहे. तेथे ज्योत बाहेर आणि जीव आत. येथे जीव गेलेल्या घरात ज्योत येऊन बसते. कवच मात्र जळत नाही. ते चुन्याच्या जातीच्या द्रव्याचे, कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असते. कोकणात शिंपले भाजून चुना करतात त्याच कुळीचे. त्याचे विघटन व्हावयास भट्टीची आच लागते. मेणबत्तीच्या कुशीत ते निर्धास्त असते. तरीही अशी ज्योत एकटी सोडून जाऊ नये, आणि तिच्याखाली बशी असावी, हे सांगावयास हवेच.

श्रोतेहो, येथवरची कथा ऐकून कोणी विचारील, जी वस्तू चार तासांत जळून जाते आणि एका धक्क्याने फुटते, तिच्या इतिहासाचे एवढे प्रयोजन काय? या प्रश्नाचे उत्तर पिसांकाच्या अलीकडच्या वाटचालीत आहे.

इतिहासाला टिकाऊ वस्तू आवडतात. दगड, नाणी, ताम्रपट यांची तो दप्तरे ठेवतो. कवचाचे तसे नाही. शतकानुशतके लिहिल्या गेलेल्या असंख्य पिसांका फुटून मातीत गेल्या. २०१३ साली ल्विव्ह शहरातील उत्खननात पाणी साठवण्याच्या एका जुन्या जागेत पंधराव्या-सोळाव्या शतकातले एक अंडे बव्हंशी अखंड सापडले, तेव्हा त्याची केवढी अपूर्वाई झाली! १८९९ साली सेर्ही कुल्झिन्स्की यांनी लुब्नी येथील कातेरिना स्कार्झिन्स्का या विदुषीच्या संग्रहालयातील २,२१९ पिसांकांचे सचित्र वर्णन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. कवचापेक्षा कागद अधिक टिकतो, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे सोव्हिएत राजवटीत पिसांका ही धर्माची खूण म्हणून नकोशी ठरली. जाहीरपणे ती लिहिणे, चर्चमध्ये नेणे यांकडे वक्र दृष्टीने पाहिले जाई. युद्धे झाली, संग्रह विखुरले. परंतु १८९१ पासून युक्रेनमधील शेतकरी कुटुंबे कॅनडाच्या गवताळ प्रदेशात जाऊन वसू लागली होती. त्यांनी बरोबर अंडी नेणे शक्यच नव्हते. त्यांच्या स्त्रियांनी नेली ती हातांतील सवय आणि मनातील नक्षी. कोंबडी तेथली, मेण तेथले, रंग तेथले. लेखन मात्र माहेरचे. अल्बर्टा प्रांतातील व्हेग्रेव्हिल गावाने १९७५ साली सुमारे ८ मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पिसांका उभारली. वारा येईल तशी ती वाताकुक्कुटासारखी फिरते. मायदेशात जी गोष्ट दाराआड लपवावी लागत होती ती परदेशात गावाच्या मानचिन्हाप्रमाणे उघड्या आकाशाखाली उभी राहिली. १९९१ साली युक्रेन स्वतंत्र झाला. २००० साली कोलोमिया येथे पिसांकेचे संग्रहालय अंड्याच्याच आकाराच्या वास्तूत उघडले. २०२२ साली त्या देशावर मोठ्या युद्धाचा घाला आला. आणि त्याच युद्धाच्या छायेत, डिसेंबर २०२४ मध्ये, युक्रेन आणि एस्टोनिया यांच्या संयुक्त प्रस्तावावरून युनेस्कोने पिसांकेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत स्थान दिले.

'अमूर्त' हा शब्द येथे मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. अंडे तर मूर्त आहे, हातात धरता येते. मग वारसा अमूर्त कसा? कारण वारसा अंड्यात नाही. तो एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जाणाऱ्या कृतीत आहे. आई लिहिते, मुलगी पाहते. पुढल्या वसंतात मुलगी लिहिते. वस्तू टिकाऊ असती तर ती पेटीत पडून राहिली असती आणि कृती विसरली गेली असती. वस्तू फुटते म्हणूनच ती पुन्हा करावी लागते, आणि पुन्हा करावी लागते म्हणूनच करण्याची विद्या जिवंत राहते. ज्यांना सत्तेच्या धाकातून किंवा समुद्रापलीकडच्या प्रवासातून काही वाचवावयाचे होते, त्यांना या नाजूकपणानेच तारले. हातातील विद्या जप्त करता येत नाही.

हे सत्य आपल्या घरांतूनही आपण जगत आलो आहोत. सकाळी दारात घातलेली रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घातली जाते. आषाढी अमावास्येला आपण कणकेचे दिवे करतो, त्यांत तुपाची वात लावतो, आणि ज्योत शांत झाल्यावर ते दिवेच प्रसाद म्हणून खातो. सोन्यारुप्याच्या समया वाटणीत कोणाकडे गेल्या हे कदाचित कोणाला आठवणार नाही. पण कणकेचा दिवा कसा चिमटून वळावा हे आजीकडून नातीला बरोबर पोहोचलेले असते. अंड्याच्या कवचातील मेणबत्ती ही या दिव्याची दूरदेशीची बहीण होय. तिच्यामागे मोठे तत्त्वज्ञान आहे असा तिला करणाऱ्यांचा दावा नसतो. न्याहारी झाली, टरफल उरले, त्यात थोडे मेण ओतले. मुलांनी दिवा मालवला आणि मेजाभोवती बसून ते उजळलेले कवच पाहिले, इतकेच.

दुसऱ्या दिवशी ते रिकामे कवच अखेर केरात जाते. त्याबद्दल कोणी हळहळत नाही. दिवस मोठे होत असतात, खुराड्यात नवे अंडे आलेले असते, आणि मुलांना वात कशी लावावयाची हे आता ठाऊक झालेले असते.